कव्हरची मागची बाजू

सुनेने रेकॉर्डचं कव्हर खिडकीजवळ धरलं आणि पहिल्यापासून तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. गायिका. संगीतकार. व्हायोलिनवाले तिघे, गिटार, ड्रम, मग अकॉर्डियन. अकॉर्डियनपुढे छापलेलं नाव तिच्या सासऱ्यांचं नव्हतं.

त्यांचं नाव कव्हरवर होतं, नाही असं नाही. अगदी तळाशी, जिथे मुंगीएवढ्या अक्षरांत सगळ्यांचे आभार मानले होते, तिथे. नावापुढे लिहिलं होतं: वाद्यांची ने-आण.

या रेकॉर्डसाठी तिने महिनाभर जिवाचं रान केलं होतं. गाणं घरातल्या प्रत्येक फोनमध्ये होतं, डाउनलोड करायला दोन मिनिटंही लागत नव्हती. पण फोनवर गायिकेच्या नावापलीकडे काही दिसत नाही. आणि गाण्याआधीचा तो अकॉर्डियनचा तुकडा बाबांनी वाजवलाय, हे तर गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या तुकड्याच्या जोरावर पस्तीस वर्षं माणसं त्यांच्याकडे शिकायला येत होती. अकॉर्डियनवाले सोडून दुसऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. आज सहाला ते सगळे शिष्य त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस साजरा करायला घरी यायचे होते. कव्हरची नावांची बाजू दर्शनी ठेवून फ्रेम करायची आणि सगळ्यांसमोर बाबांच्या हातात द्यायची, असा तिचा बेत होता. फ्रेम स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार होती. काचसुद्धा पुसून झाली होती.

बाहेरच्या खोलीत बाबा संध्याकाळसाठी तोच तुकडा घोटत बसले होते. रोज ऐकलेला तो तुकडा आज तिला ऐकवेना. लग्न होऊन या घरात आल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाला तिने किती ऐटीत हे सांगितलं होतं, ते आठवून तिचे कान तापले.

सासू पाणी प्यायला म्हणून आत आली आणि कव्हर बघून दारातच थांबली. तिने ते हातात घेतलं. उलटून मात्र पाहिलं नाही.

"कुणाला दाखवलीस?"

"कुणालाच नाही. सगळ्यांना एकदम दाखवणार होते. आई, यावर बाबांचं..."

"माहितीये," सासू म्हणाली. "चल आत."

आतल्या खोलीत तिने पलंगाखालची ट्रंक ओढली. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली न बसणारी बाई फरशीवर फतकल मारून बसली. वरची ब्लँकेटं काढली. खाली सीड्या होत्या. सीड्यांवरून गायिका हसत होती, सगळ्यांवर तीच, तशीच मान वळवून. सीड्यांच्या खाली कॅसेटी. कॅसेटींच्या खाली रेकॉर्डी, उभ्या, एकीला एक चिकटून, आणि सगळ्यांवर तोच चेहरा. बऱ्याच रेकॉर्डींवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. सुनेने अकरापर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. एकाच गाण्याचं दुकान थाटावं एवढा माल होता, आणि या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधी आलंच नव्हतं.

कव्हर वाचून बसलेला धक्का परवडला, असं सुनेला वाटलं.

सासू तिच्याकडे न बघता बोलत होती. पहिली रेकॉर्ड तिने हौसेनेच घेतली होती, नवऱ्याचं नाव छापील बघायला. दुकानातच वाचली. घरी येईपर्यंत डोक्यात नुसता जाळ होता. आज सोक्षमोक्ष लावायचा आणि माहेरी निघून जायचं, एवढं ठरवूनच जिना चढली होती.

"मग?"

"वर आले तर हे वाजवत होते. हाच तुकडा. दारात उभी राहून ऐकला." सासूने एका कव्हरवरची धूळ पदराने टिपली. "चांगला वाजवत होते गं."

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानात उरलेली दुसरीही घेऊन आले."

फोनवर साधा अलार्म लावायलाही दुसऱ्याला हाका मारणारी ही बाई गाणी डाउनलोड करायला घरात सगळ्यांच्या आधी शिकली होती. रेकॉर्डी नि सीड्या नुसती जागा अडवतात, गाणं ऐकायचं की कव्हर वाचत बसायचं, असं येईल त्या शिष्याला ऐकवायची. ते गाणं शिष्यांच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने घालून द्यायची. म्हातारपणी चांगलं खूळ लागलंय म्हणून घरातले सगळे हसायचे. सूनही हसली होती.

"बाबांना माहितीये? तुम्हाला कळलंय ते?"

"विचारलं नाही कधी."

बाहेर तुकडा संपला, क्षणभर शांतता झाली, आणि बाबांनी तो पुन्हा पहिल्यापासून धरला. सासू ऐकत राहिली. मग तिने हातातली नवी रेकॉर्ड रांगेच्या शेवटी सरकवली, कडा जुळवल्या, वर कॅसेटी, सीड्या होत्या तशा रचल्या, ब्लँकेटं पसरून ट्रंक बंद केली. फ्रेम वाया जायला नको, त्यात यांचा एखादा चांगला फोटो घालू, म्हणाली. उठण्यासाठी तिने हात पुढे केला. सुनेने तिला उभं केलं, तरी तिने सुनेचा हात सोडला नाही.

"कुठल्या दुकानात मिळाली गं? अजून होत्या तिथे?"

दुकानदाराने तीन काढून दाखवल्या होत्या. त्यातली सगळ्यात स्वच्छ तिने निवडली होती. सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

"दोन," ती म्हणाली, आणि चपला घालू लागली.