एकटीचा बँड

नेब्रास्कातल्या चिमुकल्या शाळेच्या बँडमध्ये यंदा एकटी मार्लीस उरली होती, तीही ढोलवाली. "होमकमिंगच्या मिरवणुकीत बँड नको, कर्ण्यावर गाणं लावू," मुख्याध्यापक म्हणाले. "मी आहे ना, सर!" म्हणत ती गळ्यात ढोल अडकवून, शाळेच्या गाण्याचा ठेका धरत निघाली. रस्त्याकडेला, होमकमिंगच्या सोहळ्यासाठी गावी परतलेले माजी विद्यार्थी खुर्च्या टाकून बसले होते. "अगं, बाकीची वरात कुठं हरवली?" कुणीतरी ओरडलं नि हशा पिकला. तिचे कान तापले, पण ठेका चुकला नाही. तेवढ्यात एक टकले आजोबा उठले. "हसता काय? मी पंचाहत्तरच्या बॅचचा भोंगावाला!" म्हणत ते तोंडानंच पों-पों करत तिच्यामागं चालू लागले. पाठोपाठ एक बाई बासरीसारखी शीळ घालत आल्या. मैदानाशी पोचेपर्यंत खुर्च्या रिकाम्या होत्या आणि अख्खं गाव तोंडानं वाजत होतं. मार्लीसनं लय वाढवली.