पाठमोरा

नाटक वेगळं आणि संसार वेगळा, ही रेघ ज्याला ओढता येते तोच खरा नट, असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगत असे. चित्रपटाच्या खासगी खेळाला मात्र तो सकाळपासून बायकोशी धड न बोलता आला होता, आणि दोघांच्या मध्ये त्यानं आपल्या आत्याला बसवलं होतं.

चित्रपट त्यांच्याच नाटकावरून केलेला. विस्कटलेल्या संसाराचं ते नाटक वर्षानुवर्षं चाललं. नवरा तो, बायको ती. निर्मात्यानं नाटक घेतलं, बायको घेतली, दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळसुद्धा घेतलं. नवरा तेवढा बदलला. त्याच्या जागी दाट केसांचा एक हिरो आला. "चित्रपटाला चेहरा लागतो हो," निर्माता फार प्रेमानं म्हणाला होता.

आता निर्मात्याला पुढच्या चित्रपटातही हिरो आणि ती, हीच जोडी हवी होती, आणि बायकोला आपलं उत्तर आजच कळवायचं होतं.

"तुमची हरकत नसेल तरच हो म्हणते," ती सकाळी म्हणाली.

"माझी कसली हरकत?" असं म्हणत त्यानं शर्टाचं बटण इतक्या जोरात लावलं की ते हातात आलं.

पहिला तासभर मजेत गेला. हिरो चालायचा तो मागून कुणीतरी ढकलल्यासारखा. रागावला की नाकपुड्या फुगवायचा, आणि प्रेमात आला तरी त्याच फुगवायचा. आत्याला डुलकी लागली. नट खुर्चीत ऐसपैस झाला.

मग शेवटचा प्रवेश आला. नवरा घर सोडून निघालेला. दाराशी जाऊन तो म्हणतो, "मी जातो." त्यावर बायको एकच शब्द बोलते, "जा." पण तो असा, की जाणाऱ्याचे पाय जागच्या जागी खिळावेत. नाटकात या क्षणी नट दाराकडे तोंड करून, तिच्याकडे आणि प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभा असे. थिएटरात हुंदके फुटत. ते आपल्या पाठीला, याबद्दल त्याला कधी शंकाच आली नव्हती. एका समीक्षकानं तर त्या पाठीला 'बोलकी' म्हटलं होतं.

पडद्यावर बायकोचा चेहरा आला. पडदाभर.

हा चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता. खालचा ओठ किंचित आत ओढलेला, नजर एका जागी रोवलेली. सगळा जन्म एका माणसाच्या नावे करून टाकावा आणि वर त्यालाच वाट दाखवावी, अशी नजर.

"जा," ती म्हणाली.

आत्या खडबडून जागी झाली. चष्मा काढून तिनं डोळे पुसले. "काय बघते रे पोर!" ती कुजबुजली. मग त्याच्याकडे वळून, काळजीनं, "तुझ्याकडे बघितलंय का रे हिनं कधी असं?"

दिवे लागले. बाहेरच्या पॅसेजमध्ये कॉफी होती. आत्याला बिस्किटांपाशी सोडून त्यानं बायकोला खिडकीच्या कोपऱ्यात गाठलं.

"नाटकात असंच बघायचीस?"

"कसं?"

"आत्ता बघितलंस तसं."

"मला काय ठाऊक? मी काय मला दिसत होते? तुम्ही वळून बघायचं होतंत."

"दिग्दर्शकानं पाठ फिरवायला सांगितली होती!"

"मग त्यांच्यावर ओरडा."

पलीकडून निर्मात्यानं कप उंचावून दोघांचं अभिनंदन केलं. दोघांनीही मान लववली, सराईतपणे.

"एका परक्या माणसाकडे असं बघितलंस," तो हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाला. "आणि आता त्याच्याबरोबर दुसरा चित्रपट!"

"कुणाकडे बघितलं?"

"हिरोकडे! आणखी कुणाकडे?"

तिनं कप खिडकीत ठेवला. "अहो, तो होताच कुठे तिथं? त्याचा चेहरा आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. माझा घ्यायच्या दिवशी साहेब दुसऱ्या शूटिंगला. दिव्याच्या स्टँडला त्याच्या उंचीवर चिकटपट्टी लावली, म्हणाले इथं बघा. मी बघितलं."

नटाला हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. मग आवाज एकदम खाली आणून, तिसऱ्या अंकातला ठेवणीतला सूर लावून, त्यानं विचारलं, "मग मनात कोणाला आणलंस?"

उत्तर त्याला माहीत होतं. नुसतं ऐकायचं होतं.

"कोणाला आणणार? पापणी लवली तर पुन्हा घ्यावं लागेल म्हणून कॅमेरावाल्यानं दम भरला होता. सगळा जीव पापण्यांत."

निर्माता हात पसरून त्यांच्याच दिशेनं येत होता.

"आला तो," ती म्हणाली. "लवकर बोला. हो सांगू ना?"

नटानं निर्मात्याकडे बघून पुन्हा हसरा चेहरा लावला.

"चिकटपट्टी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी," ती म्हणाली.