जखमींसाठी जागा

सरकारने अनुदान निम्म्यावर आणलं, तसं बेघरांच्या निवाऱ्याच्या व्यवस्थापकाने सकाळीच फाटकावर सगळ्यांना खडसावलं, "आजपासून फक्त जखमींना आत घेणार. धडधाकटांनी आपापली वाट धरा!"

संध्याकाळी बाहेरून किंकाळी आली. तो धावला. रोज शेजारशेजारच्या खाटांवर झोपणाऱ्या दोघा भावांपैकी धाकटा थोरल्याच्या मनगटावर वीट हाणत होता. हाड काडकन मोडलं.

"अरे राक्षसा, सख्ख्या भावाच्या जिवावर उठलास?" व्यवस्थापकाने धाकट्याची मानगूट आवळली.

थोरल्याने कण्हत कण्हत दुसऱ्या हाताने वीट उचलली. धाकट्याने आपला हात फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवला.

 

"त्याला असंच घट्ट धरून ठेवा, साहेब. मी एकटा आत येऊन काय करू?"