सामान पोचलं

डुलुथला एकटी राहणारी आई फोन उचलत नव्हती. तशी ती आठवडा आठवडा उचलायचीच नाही, पण आज इन्ग्रिडला राहवेना. पूर्वी आई पाव न्यायला आली नाही, तर कोपऱ्यावरचा लिंडक्विस्ट दुकान सोडून दार वाजवायला जायचा, "काय गं आस्ट्रिड, आहेस ना अजून?" दुकान बंद पडल्यापासून इन्ग्रिडच दर गुरुवारी शिकागोहून मोबाईलवरून किराणा पाठवायची.

"कानातलं मशीन काढून बसली असेल," नवरा म्हणाला. "हे बघ, सामान आत्ताच पोचलं. दाराचा फोटोही आलाय."

इन्ग्रिडने फोटो मोठा केला. आजची पिशवी दारापाशी नीट ठेवली होती, मागच्या गुरुवारच्या पिशवीला टेकवून.