रिकामं कोठार

"टेम्पोवाला विचारतोय, सामान कुठल्या पत्त्यावर न्यायचं?" खिडकीतून आत वळत धाकटी म्हणाली.

"त्याला सांग, लढाई चालू आहे." थोरल्याने लॅपटॉपच्या पडद्यावरची नजर काढली नाही.

धाकटीने खाली थांबायची खूण केली आणि ती आपल्या लॅपटॉपसमोर येऊन बसली. घरात आता एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाबा एवढंच उरलं होतं. बाकी सगळं टेम्पोत चढलं होतं. घरमालकाला संध्याकाळी किल्ली हवी होती, आणि बाबा दोघांपैकी कोणाकडे राहणार ते अजून ठरलेलं नव्हतं.

महिनाभर बहीणभावांनी फोनवर वाद घातला. कोणी ऐकायला तयार नाही. शेवटी बाबाच वैतागले. "मग लढा की," ते म्हणाले. "लहानपणी लढायचात तसे."

लहानपणी या घरात प्रत्येक भांडणाचा निकाल कॉम्प्युटरवरच्या याच खेळात लागायचा. भांडी कोण घासणार, खिडकीजवळ कोण झोपणार, कुत्र्याला फिरवायला कोण नेणार. नियम बाबांनीच घातलेला. थोरल्याने भलीमोठी फौज घेऊन चाल करायची, धाकटीने मूठभर सैनिकांनिशी गाव राखायचं. सूर्यास्तापर्यंत चौकातला झेंडा टिकला तर गाव वाचलं. टिकायचा क्वचितच.

बाबा आतल्या खोलीत चटईवर पडले होते, हत्यारांची पेटी उशाशी घेऊन. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हाताला चैन म्हणून नाही.

"मागे माझ्याकडे आले होते ना," तटावरचे धनुर्धारी हलवत धाकटी म्हणाली, "तेव्हा मिक्सर उघडून बसले. एक स्क्रू अजून सापडत नाहीये."

"आमच्या दाराची बेल. दुरुस्त केल्यापासून मनात येईल तेव्हा वाजते."

"आणि घोरणं?"

"घोरण्याचं तर नावच काढू नकोस. खालच्या मजल्यावरचे चौकशीला आले होते."

दोघंही हसली. तेवढ्यात थोरल्याने दरवाजा फोडायचा ओंडका पुढे काढला.

"तुला दोन लहान पोरं, त्यात तुझ्या कामाच्या पाळ्या," तो म्हणाला. "मला कळत नाही का?"

"कळतंय तर घे माघार."

"आज नाही."

आज दोघांनाही हरून चालणार नव्हतं. तयारी मात्र दोघांनीही करून ठेवली होती, कारण डावाचं काही सांगता येत नाही. धाकटीने मागची खोली रिकामी करून पोरांच्या सायकली जिन्याखाली हलवल्या होत्या. थोरल्याने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला होता. यातलं कोणी कोणाला बोललं नव्हतं.

दरवाजा मोडून पडला. थोरल्याचे घोडेस्वार आत घुसले आणि धाकटीची माणसं गल्लीगल्लीतून मागे हटू लागली. टेबलावरचा फोन वाजला. थोरल्याने बायकोचा आवाज स्पीकरवर घेतला.

"काय झालं? माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

"जिंकलोच समज," तो म्हणाला. "धाकटीकडे आता कोणी उरलं नाही."

हे मात्र त्याचं त्यालाच पटेना. धाकटीचे धनुर्धारी कुठे दिसत नव्हते. मग त्याचं लक्ष कोठाराकडे गेलं. कोठाराची दारं बंद होती. धाकटीची ही जुनी खोड. शेवटचे धनुर्धारी कोठारात लपवायचे आणि शत्रू चौकात पोचला की पाठीमागून बाण सोडायचे. लहानपणी ती क्वचित जिंकायची ती याच युक्तीने, आणि मग भांडी त्याला घासावी लागायची.

"अजून तेच?" तो हसला. चौक सोडून त्याने सगळी फौज कोठाराच्या अरुंद गल्लीत घातली आणि कोठार पेटवून दिलं.

आतून कोणीही बाहेर आलं नाही.

"ते आत आहेत असं तुला कोणी सांगितलं?" धाकटीने विचारलं.

धनुर्धारी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीच्या भिंतीआड बसले होते. मागे आग, पुढे बाण. थोरल्याने फौज वळवायची पराकाष्ठा केली, पण घोडे घोड्यांना अडकले. गल्लीतून कसेबसे बाहेर पडलेले थोडे स्वार चौकाकडे सुटले. ते झेंड्याजवळ पोचण्याआधीच पडदा केशरी झाला आणि शिंग वाजलं. गाव वाचलं होतं.

धाकटीने डोळे मिटले. महिनाभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"हरलो गं," थोरला फोनवर म्हणाला. पलीकडून फोन बंद झाला.

"कोठार रिकामं ठेवलंस," तो धाकटीला म्हणाला.

"तू मला पुरता ओळखतोस ना, दादा. म्हणून."

बाबा दारात येऊन उभे राहिले. केस विस्कटलेले, हातात पेटी. "कोण जिंकलं?"

"ही."

"बरं. आता तोंड पाडून बसू नकोस," बाबा थोरल्याला म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा लढा."

टेम्पोवाला जिना चढून आला. "संपली का एकदाची लढाई? पत्ता तरी सांगा."

थोरल्याने बाबांच्या हातातून पेटी घेतली. क्षणभर ती तशीच छातीशी धरली आणि मग टेम्पोवाल्याकडे दिली.

"हिच्या घरी न्या," तो म्हणाला. "जिंकली ना ती."