पर्जन्यमान: निरंक

'पर्जन्यमान निरंक, सबब पूर नाही, सबब जीवितहानी नाही,' असा त्या दिवसाचा सरकारी अहवाल होता. तर्कात खोट नव्हती. फक्त, जूनपर्यंत टँकरचं पाणी पिणाऱ्या त्या गावातून सप्टेंबरातल्या त्याच दिवशी मेंढपाळ बलभीमची बायको सत्यभामा मेंढरांसकट तेरणेत वाहून गेली होती. पाऊसच झाला नसल्यानं तिला बुडण्याची मुभा नव्हती. म्हणून तिच्या नावापुढे 'घर सोडून गेली' असा शेरा पडला. तो खोडून घ्यायला बलभीम पाचव्यांदा कार्यालयात उभा होता.

"मामा, खरं सांगा, भांडणबिंडण झालं असंल," लिपिक डोळे मिचकावत म्हणाला.

नदीकाठानं तिला महिनाभर शोधताना बलभीमला बाभळीच्या शेंड्यात अडकलेलं एक नळकांडं मिळालं होतं. ते त्यानं पोत्यातून काढून टेबलावर ठेवलं. "ती न्हाय घावली, सायेब. हे घावलं. तुमच्या हापिसाचं नाव हाय ह्याच्यावर."

लिपिकाचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आपलं पाऊस मोजायचं यंत्र! पुरात वाहून गेलं होतं, मामा. म्हणून तर त्या दिवशी शून्य लिहावं लागलं."