कांदा आणि बावन्न अंश

“काकू, खिशातला कांदा काढा,” शिक्षिका प्रणोती म्हणाली. “उष्णता शरीरालाच झेलता आली पाहिजे.”

ऊन लागू नये म्हणून जवळ बाळगलेला कांदा कुमुदिनी बोबडेंनी खिडकीत ठेवला. बाहेरच्या उन्हाइतक्याच, बावन्न अंशांना तापवलेल्या या योगवर्गात वीस मिनिटं टिकेल, त्यालाच अकोल्यात घराबाहेर पडायचा परवाना मिळे. त्या याआधी इथे दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या इमारतीतली नात त्यांनी अजून काचेतूनच पाहिली होती.

त्यांनी वीरभद्रासनात पाय रोवले. बाराव्या मिनिटाला त्यांचा तोल गेला, तसा प्रणोतीचा हात हीटरच्या बटणाकडे गेला.

“थांबवू का, काकू?”

“हात तर लावून बघ त्या बटणाला!”

वीस मिनिटं भरताच परवान्यावर शिक्का बसला. काकूंनी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून दार उघडलं, तेव्हा प्रणोतीने तोच कांदा त्यांच्या मुठीत कोंबला.

“असू द्या. बाहेर मी नसेन.”